कोकणातली बाग सेंद्रिय करायची आहे? गट बांधण्यापासून प्रमाणपत्रापर्यंत

युरियाची गोण आणणं बंद केलं की बाग सेंद्रिय झाली, असं आपल्याकडे सर्रास समजतात. एप्रिल उजाडला की मुंबई-गोवा हायवेच्या कडेला 'सेंद्रिय हापूस'च्या पाट्या लागतात. त्यातल्या कितीतरी माणसांचा हेतू अगदी स्वच्छ असतो, पण गिऱ्हाइकानं "कशावरून?" असं विचारलं की दाखवायला हातात काही नसतं. दुसऱ्या बाजूला अशीही माणसं आहेत, ज्यांच्या परसात आजोबांपासून एक थेंब औषध पडलेलं नाही आणि त्यांचा माल बाजारभावानं दलालाकडे जातो. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या लोकांसाठी आहे, आणि मुंबईहून गावी परतून वडिलोपार्जित बाग हाती घेणाऱ्यांसाठीही. आमच्या गावातल्या गटानं ही वाट पूर्ण केली आहे. ती जशी आहे तशी सांगतो.

१. आधी स्वतःला विचारा: सेंद्रिय कशासाठी?

उत्तर फक्त "भाव जास्त मिळतो" एवढंच असेल तर दुसऱ्या वर्षी तुडतुड्यांनी मोहोर काळा केला की तुम्ही पंप बाहेर काढाल. म्हणून फायदे नीट समजून घ्या, वाढवून सांगू नका.

सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वं दुप्पट असतात वगैरे जे सांगितलं जातं, त्याला भक्कम आधार नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा पोषणात ठळक फरक आढळला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा सापडले. २०१४ साली ब्रिटनमध्ये ३४३ शोधनिबंधांचा असाच आढावा झाला. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं, आणि रासायनिक अंश पुन्हा कमीच. दोन्हीकडे जुळणारी गोष्ट एकच: ताटात विषाचा अंश कमी येतो. गिऱ्हाइकाला एवढंच सांगा. तेवढं पुरेसं आहे आणि खरं आहे.

माझ्या मते कोकणात याहून मोठा फायदा खाणाऱ्याचा नाही, फवारणाऱ्याचा आहे. उंच आंब्यावर वर तोंड करून फवारा मारणाऱ्या गड्याच्या अंगावर औषधाचा तुषार परत येतो. आपला जांभा सच्छिद्र. वर पडलेलं पावसाबरोबर खाली झिरपतं आणि खाली आपलीच विहीर असते. याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला, केरळच्या कासारगोडमध्ये, काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हवेतून एंडोसल्फान फवारलं गेलं. तिथल्या गावांनी काय भोगलं ते देशानं पाहिलं आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या औषधावर बंदी घातली. काजू आपलंही पीक आहे. ही गोष्ट आपल्यापासून लांबची समजू नका.

२. कोणतं प्रमाणपत्र हवं ते ठरवा

दोन रस्ते आहेत. माल परदेशी पाठवायचा असेल तर एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. ती अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या देखरेखीखालची पद्धत, बाहेरची संस्था येऊन तपासते, खर्च बराच येतो. देशातच विकायचं असेल तर पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागातून हमी देणारी पद्धत. यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो आणि विभागीय परिषद, म्हणजे त्यासाठी मान्यता दिलेली संस्था, त्यावर शिक्कामोर्तब करते. ही पद्धत केंद्रीय कृषी मंत्रालयाची आहे, तिचं मुख्यालय गाझियाबादला. छोट्या बागायतदाराला हाच रस्ता परवडतो आणि पुढचं सगळं मी याच रस्त्याबद्दल लिहितो आहे.

एक गैरसमज इथेच दूर करू. हापूसला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन म्हणजे सेंद्रिय प्रमाणपत्र नव्हे. ते आंबा कुठला आहे एवढंच सांगतं, त्यावर काय फवारलं ते नाही. गिऱ्हाईक हे दोन्ही हमखास एकत्र करतं. तुम्ही करू नका.

३. कागद जमवा

हे ऐकायला सोपं, कोकणात सगळ्यात वेळखाऊ.

- सातबारा आणि आठ-अ, ताजे
- गट नकाशा आणि हाताने काढलेला बागेचा आराखडा: विहीर, गोठा, पाट, शेजारी कोण, कोणत्या दिशेला कोणतं पीक
- आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत, फोटो
- माती परीक्षणाचा अहवाल
- मागच्या तीन वर्षांत जमिनीत काय टाकलं, काय फवारलं याची माहिती
- गटाच्या नमुन्यातलं शपथपत्र

अडतं ते पहिल्याच कागदापाशी. आपल्याकडे सातबाऱ्यावर चुलते, आत्या, त्यांची मुलं अशी नावांची रांग असते. निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत. कसणारे तुम्ही असलात तरी सामाईक जमिनीवर उद्या कोणी "आमचा हिस्सा आम्ही करारानं दिला" असं म्हणालं तर बाग सेंद्रिय करण्यात घातलेली तुमची तीन वर्षं फुकट जातात. म्हणून गणपतीला सगळे गावी जमतात तेव्हाच विषय काढा. कोण कुठला भाग कसतो ते साध्या संमतीपत्रावर लिहून सह्या घ्या. शिमग्यापर्यंत थांबलात तर वर्ष गेलं.

४. गट बांधा

किमान पाच शेतकरी लागतात, एकाच किंवा लगतच्या गावातले. नात्यातलेच पाच जण घ्यायचा मोह होतो. तो टाळा. तपासणीला गेल्यावर काकांना "ही बाटली इथे कशी?" असं विचारायला पुतण्याची जीभ रेटत नाही, आणि ही पद्धत उभी आहे ती त्या प्रश्नावरच. गटात एखादी तरी बाई असू द्या जी स्वतः शेतात राबते. बियाणं कुठून आलं, गोठ्यात काय घातलं, याची खरी माहिती बहुतेक घरांत तिलाच असते.

गटाची नोंदणी विभागीय परिषदेमार्फत पोर्टलवर होते. परिषद कुठली हे तालुका कृषी कार्यालयात किंवा 'आत्मा' या कृषी विस्ताराच्या सरकारी यंत्रणेच्या माणसाला विचारा. परंपरागत कृषी विकास योजनेत साधारण २० हेक्टरचा समूह करून मदत मिळते, त्याचीही तिथेच चौकशी करा. पण अनुदान येईल तेव्हा येईल. त्याची वाट पाहत गट थांबवू नका.

५. जमिनीचा इतिहास खरा लिहा, विशेषतः कल्टारचा

रूपांतराचा, म्हणजे रासायनिक सोडून पूर्ण सेंद्रिय होण्याचा, काळ भात-भाजीसारख्या हंगामी पिकांना २४ महिने आणि आंबा, काजू, नारळ, सुपारी अशा बहुवर्षीय झाडांना ३६ महिने धरला जातो. त्या काळात माल 'पीजीएस ग्रीन' म्हणून विकता येतो, पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक' म्हणून.

हापूसच्या बागेत मोठी मेख आहे ती पॅक्लोब्युट्राझोलची, ज्याला सगळे कल्टार म्हणतात. दरवर्षी मोहोर यावा म्हणून पावसाळ्यात ते झाडाच्या आळ्यात ओततात. ते कृत्रिम वाढरोधक आहे, जमिनीत बराच काळ टिकतं आणि सेंद्रिय पद्धतीत अजिबात चालत नाही. तुम्ही स्वतः घातलं नसेल, पण बाग मागे करारानं दिली होती का? करारदाराला दोन-तीन हंगामांत पैसे वसूल करायचे असतात, तो घालणारच. शेवटचं कल्टार कधी घातलं ती तारीख शोधून काढा आणि तिथपासून महिने मोजा. ते बंद केल्यावर हापूस आपल्या मूळ स्वभावावर जातो, म्हणजे एक वर्ष भरून आणि एक वर्ष रिकामं. रूपांतराच्या वर्षांत घर चालवायला कोकम, मिरी, जायफळ, परसातली भाजी यांचा आधार आधीच उभा करा.

६. कुंपणाच्या आत काय येतं ते पाहा: बियाणं, पेंड, खत

इथे जरा सावकाश वाचा. जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे जीएम पिकांबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. "ते कोकणात नाहीच" हे एक आणि "बाजारातलं सगळं बियाणं जीएम आहे" हे दुसरं. दोन्ही चुकीची.

संकरित बियाणं जीएम नसतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'सह्याद्री' भात संकरित आहे. रत्नागिरी-२४ किंवा कर्जत-३ या निवड-संकरातून आलेल्या सुधारित जाती आहेत. कशातही दुसऱ्या जीवाचं जनुक घातलेलं नाही. बीटी पिकात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जनुक प्रयोगशाळेत घातलेलं असतं, त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारणारं प्रथिन तयार करतं. भारतात असं एकच पीक शेतकऱ्याला अधिकृतपणे मिळालं: २००२ साली आलेला बीटी कापूस. बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीनं हिरवा कंदील दिला होता. नंतर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. जीएम मोहरीला २०२२ मध्ये त्याच समितीची शिफारस मिळाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली.

मग काळजी कसली? खाल्ल्यानं माणूस आजारी पडतो असा पुरावा मोठ्या वैज्ञानिक आढाव्यांत सापडलेला नाही, हे मी स्पष्ट सांगतो. घाबरवून सेंद्रिय माल विकणं मला पटत नाही. काळजीच्या जागा वेगळ्या आहेत. वांग्याचं मूळ घर आपलाच देश. परागीभवनातून बदललेलं जनुक गावठी वांग्यात आणि रानवांग्यात गेलं तर ते परत काढता येत नाही. स्थगितीमागे हे एक कारण होतं. दुसरं, किडीही शिकतात. गुलाबी बोंडअळीनं बीटी कापसातली दोन्ही प्रथिनं पचवायला सुरुवात केली आणि फवारण्या परत वाढल्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी कमी व्हावी म्हणून आणलेल्या पिकाच्या शेतात हे घडलं. तिसरं, बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. ज्या घरात वालय, सोरटी, मुणगा किंवा पटणीचं बी आजीनं कणगीत राखलं, त्या घराला हे परावलंबन किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको.

मे २०२५ मध्ये केंद्रानं भाताच्या दोन जनुक-संपादित जाती जाहीर केल्या, 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १'. यात परकं जनुक घातलेलं नाही, भाताचंच जनुक नेमक्या जागी बदललं आहे, आणि अशा जातींना २०२२ पासून जीएमच्या कडक नियमांतून सूट आहे. भात हे आपलं मुख्य पीक, म्हणून नवी पिशवी घेताना जातीचं नाव वाचायची सवय लावा आणि सेंद्रिय गटात ती चालेल का हे परिषदेला लेखी विचारा.

आता प्रत्यक्ष कोकणात जीएम येतं कुठून? बियाण्याच्या पिशवीतून क्वचितच. ते येतं पेंडीच्या पोत्यातून. देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे, त्यामुळे गोठ्यातली सरकी पेंड जवळपास सगळी बीटी कापसाची. ती खाल्लेल्या गाईच्या शेणानं झाड बिघडतं असं नाही, पण दूध-तूप सेंद्रिय म्हणून विकायचं असेल तर सरकी बंद करावी लागते. खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची पेंड आपल्याकडे मिळते, तिच्यावर या. कोंबडखताचंही तसंच. २०२१ साली सरकारनं जीएम सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली ती मुख्यतः कुक्कुटपालनासाठीच, आणि मोठ्या पोल्ट्रीतलं खत औषधांच्या वापरामुळेही सेंद्रिय नियमांत बसत नाही. घाटावरून ट्रकनं येणारं स्वस्त कोंबडखत हा बहुतेक बागांचा घात करणारा सापळा आहे.

भाजीच्या बियाण्यात वेगळाच धोका असतो. गुलाबी, निळा, हिरवा असा भडक रंग दिसला तर त्या बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक चोळलेलं आहे. दुकानदाराकडून प्रक्रिया न केलेलं बियाणं मागून घ्या, नसेल तर गावठी बी जमवा. बिल आणि रिकामी पिशवी दोन्ही जपून ठेवा. तपासणीत हाच पुरावा.

७. कोकणच्या मातीला कोकणचं खाद्य

सेंद्रिय शेतीची बहुतेक माहिती घाटावरच्या काळ्या जमिनीची असते. आपली जमीन जांभी, आम्लधर्मी. ३००० मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात खत वाहून जातं. म्हणून पावसाच्या तोंडावर सगळं शेणखत एकदम टाकू नका. आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन करा आणि खत विभागून द्या. स्फुरद कमी पडतं, त्यासाठी रॉक फॉस्फेट आम्ल जमिनीत चांगलं लागू पडतं. बांधावर गिरिपुष्प लावा. कुंपणही होतं आणि भाताला हिरवळीचं खतही. भाजावळ हळूहळू कमी करा, कारण त्या पाल्यातलं जे मातीत जायला हवं तेच आपण जाळतो.

कडुलिंब इथे फारसा होत नाही. करंज आणि निर्गुडी मुबलक आहेत, दशपर्णी अर्क, म्हणजे कीड आवरायला दहा झाडांच्या पाल्याचा काढा, त्यांच्यावरच करा. जमिनीला द्यायच्या जीवामृताचं प्रमाण २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. फळमाशीला विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा लावा. सुपारीच्या कोळेरोगाला एक टक्का बोर्डो मिश्रण मर्यादेत चालतं, पण फवारण्याआधी गटाच्या वहीत लिहा.

८. शेजारी, वारा आणि वरचा खाचर

दुपारी वारा समुद्राकडून येतो. पश्चिमेच्या बागेत फवारणी चालू असेल तर ती तुमच्या मोहोरावर पडणार. शेजाऱ्याशी भांडून काही साधत नाही. फवारणी सकाळी लवकर, वारा पडलेला असताना करा आणि आदल्या दिवशी कळवा, एवढी विनंती करा. त्या बाजूच्या कडेची रांग वेगळी ठेवा, तिचा माल सेंद्रिय म्हणून विकू नका.

भातात धोका वरून येतो. टप्प्याटप्प्याच्या खाचरांत वरच्या शेतातला युरिया पाण्याबरोबर तुमच्यात उतरतो. बांधाकडेनं वेगळा पाट काढून ते पाणी बाहेर न्या. लावणीच्या आधी हे काम झालं पाहिजे, नंतर कोणी हात लावत नाही. आणि पंप उसना घेऊ नका. दुसऱ्याच्या टाकीच्या तळाशी काय उरलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

९. वही आणि तपासणी

रोज लिहायची गरज नाही, पण जे कुंपणाच्या आत आलं आणि जे बाहेर गेलं ते त्याच दिवशी लिहा: शेणखत कोणाकडून, किती, आंबा किती पेट्या, कोणाला. हंगाम संपल्यावर आठवून लिहिलेली वही एकाच शाईची, एकाच हाताची असते आणि तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

गटातले किमान तीन जण तुमची बाग पाहायला येतात. तुम्ही माझी तपासा, मी तुमची, अशी अदलाबदल करायची नसते. ते झाडांपेक्षा पडवी आणि माडी जास्त पाहतील. जुन्या औषधाच्या बाटल्या, अर्धी युरियाची गोण, तणनाशकाचा डबा आधीच घराबाहेर काढा. गोण शेजाऱ्याला द्या, पण दिल्याची नोंद ठेवा.

एखाद्याच्या बागेत चूक सापडली तर ती झाकू नका. गटाचं प्रमाणपत्र एकाच्या लपवाछपवीनं सगळ्यांचं जातं. त्याला तेवढ्यापुरतं मागे ठेवा, त्याचा काळ पुन्हा मोजा, माणूस मात्र तोडू नका. शंकाच असेल तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवा. खर्च गटानं वाटून घ्या.

१०. विक्री करताना

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला एनपीओपी किंवा पीजीएसचं प्रमाणपत्र लागतं, आणि 'जैविक भारत'चं चिन्ह त्यावरच येतं. वर्षाची उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि थेट खाणाऱ्यालाच विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला यातून सूट आहे, पण त्यानं ते चिन्ह वापरायचं नाही. म्हणजे दारात येणाऱ्याला किंवा ओळखीच्या मुंबईकर घराला तुम्ही विकू शकता. दुकानात ठेवायला दिलंत की प्रमाणपत्र हवं. आमसूल, सोलकढीचं आगळ, काजूगर असा प्रक्रिया केलेला माल असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीचं वेगळं पाहा.

पिकवणं हा शेवटचा सापळा. तीन वर्षं राखलेला आंबा दलालाच्या गोदामात कॅल्शियम कार्बाइडवर गेला तर प्रमाणपत्राला काही अर्थ उरत नाही. कार्बाइड तर कायद्यानंच बंद आहे. भाताच्या पेंढ्यात स्वतः अढी लावा. पेटीत एक चिठ्ठी ठेवा: गावाचं नाव, गटाचा क्रमांक, काढणीची तारीख आणि कधी खायला तयार होईल तो अंदाज. खाली तुमचा फोन नंबर लिहा, आणि बाग बघायला यायचं असेल तर मे महिन्यात कोणत्या वारी घरी असता तेही.